बाईला पित्त, म्हाताऱ्याला वय : हार्ट अटॅकला आपण उशीर कुठे करतो



गेल्या मोसमात आपल्या सोसायटीच्या दोन घरांत एकाच महिन्यात हार्ट अटॅक आला. दोन्ही घरच्यांना विचारून लिहितोय, नावं मात्र देत नाही. गावात सगळ्यांना ठाऊक आहेच.

पहिला एक खलाशी, वय ४४. पहाटे होडी वर ओढताना छाती धरून वाळूत बसला. भोवती चारजण होते. कोणी विचार करत बसलं नाही. १०८ ला फोन, दहा मिनिटांत त्याला रस्त्यावर आणलं, आरोग्य केंद्रात ईसीजी, तिथंच इंजेक्शन, मग बांबोळीला. तीन महिन्यांनी तो परत कामावर आला. जड ओझं उचलायला त्याला डॉक्टरांची बंदी आहे, ती पाळतो की नाही ते त्यालाच माहीत.

दुसरी एक मासे विकणारी बाई, वय ५६, आठ वर्षांपासून साखर. सकाळी पाटी घेऊन डिचोलीच्या बाजारात गेली. दोन्ही खांदे भरून आले, अंगाला घाम, मळमळ. शेजारच्या बाईनं विचारलं तर म्हणाली, "पित्त झालां, आणि काय नाय." सोडा प्यायली, राहिलेलं नुस्तं अर्ध्या किमतीत देऊन टाकलं आणि दोन बस बदलून घरी आली. घरी येऊन संध्याकाळचा स्वयंपाक केला. रात्री आडवं पडल्यावर दम लागायला लागला. तरी "सकाळी बघू." इस्पितळात पोचली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. वाचली, पण हृदयाचा बराचसा भाग गेला. आज घरातून विहिरीपर्यंत चालली तरी दम लागतो. पाटी सुटली ती सुटलीच.

रोग दोघांनाही तोच होता आणि औषधही तेच होतं. फरक पडला तो चोवीस-पंचवीस तासांचा. हा उशीर तिच्या एकटीच्या नशिबात होता असं आम्ही आधी समजत होतो. मग वाचत गेलो, डॉक्टरांशी बोललो, तेव्हा कळलं की जगभर हेच चाललंय. आम्ही डॉक्टर नव्हे. पण जे समजलं ते आपल्या भाषेत मांडतो.

हार्ट अटॅक म्हणजे काय ते इंजिनवाल्यांना पटकन समजेल. डिझेलच्या नळीत कचरा अडकला की टाकी भरलेली असूनही इंजिन गचके खातं आणि बंद पडतं. हृदयालाही स्वतःचं रक्त पुरवणाऱ्या नळ्या आहेत. त्यांच्या आतल्या भिंतीवर वर्षानुवर्षं चरबीचा थर बसतो. एक दिवस तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गाठ धरते आणि नळी बंद. इंजिन आणि हृदय यांत फरक एवढाच की नळी साफ केली की इंजिन पुन्हा चालू होतं, हृदयाचं जे मांस रक्ताविना मेलं ते परत जिवंत होत नाही. म्हणून गाठ जितक्या लवकर विरघळवाल किंवा फुग्यानं नळी उघडाल तितकं हृदय वाचतं. गाठ विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत सगळ्यात चांगलं काम करतं. बारा तासांनंतर त्याचा फारसा उपयोग उरत नाही. वरच्या बाईची ती मुदत स्वयंपाक करण्यात आणि रात्र काढण्यात संपून गेली.

आता बायकांचं का वेगळं, ते पाहू.

पहिली गोष्ट वयाची. बायकांना पहिला अटॅक पुरुषांपेक्षा सरासरी नऊएक वर्षं उशिरा येतो. पाळी चालू असेपर्यंत शरीरातली स्त्री-संप्रेरकं नळ्यांना थोडं संरक्षण देतात, पाळी गेली की ते ओसरतं. यामुळे सगळ्यांचा समज झाला की हार्ट अटॅक हा पुरुषांचा आजार. पण बाईला डायबेटीस असेल तर हे संरक्षण जवळपास पुसलं जातं, हे फार थोड्यांना माहीत असतं. आपल्याकडे चाळिशीनंतर साखर नसलेली घरं किती, मोजा. त्यात आपल्या भागातल्या लोकांना हा आजार मुळातच लवकर गाठतो. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट नावाच्या मोठ्या अभ्यासात भारत आणि आसपासच्या देशांतल्या लोकांचं पहिल्या अटॅकचं सरासरी वय ५३ निघालं, बाकी देशांत ते जवळपास ५९ होतं. म्हणजे सहा वर्षं आधी. चाळिशीतल्या खलाशाला अटॅक येतो तेव्हा आपण "इतक्या लहान वयात कसा?" म्हणतो, तर त्याचं उत्तर हे. तंबाखू, विडी आणि रात्रीची झोपमोड त्यात भर घालतात ती वेगळीच.

दुसरी गोष्ट लक्षणांची. इथं एक गैरसमज दूर करायला हवा. बायकांना छातीत दुखतच नाही असं नव्हे. बहुतेक बायकांना छातीत काहीतरी होतंच. पण त्या त्याला "दुखणं" म्हणत नाहीत. दाबल्यासारखं, भरून आल्यासारखं, जळजळ, आवळल्यासारखं असं काहीतरी सांगतात. शिवाय त्याच्याबरोबर दम, मळमळ, उलटी, थंड घाम, पाठीत किंवा जबड्यात कळ, हाताला जडपणा, कारण नसताना आलेला प्रचंड थकवा ही लक्षणं पुरुषांपेक्षा जास्त दिसतात. सगळ्या लक्षणांत छाती मागे पडते आणि पित्त पुढे येतं. सिनेमात हिरोचा बाप छाती धरून कोसळतो तसं काही होत नाही. म्हणून ती स्वतः ओळखत नाही, घरचे ओळखत नाहीत, आणि कधी कधी तपासणाराही अ‍ॅसिडिटीची गोळी देऊन परत पाठवतो.

साखरेच्या रुग्णांचं आणखी एक. बरीच वर्षं साखर असली की संवेदना नेणाऱ्या शिरा बधिर होतात. पायाला काटा लागलेला कळत नाही, तसंच हृदयाचं दुखणंही कळत नाही. बाई असो की बाप्या, साखरवाल्याला नुसता दम आणि घाम आला तरी ईसीजी हवा.

तिसरी गोष्ट जरा कडू आहे. इस्पितळात पोचल्यावरही बायकांना उपचार उशिरा आणि कमी मिळतात असं अनेक देशांत दिसून आलंय. अमेरिकेत बर्नाडिन हीली नावाच्या हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी १९९१ सालीच यावर बोट ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं असं की बाईचा आजार अगदी पुरुषासारखा दिसला तरच तिला पुरुषासारखे उपचार मिळतात. १९९९ साली तिथंच जवळपास ३ लाख ८५ हजार रुग्णांची नोंद तपासली गेली. इस्पितळात असताना पुरुषांतले साडेअकरा टक्के दगावले, बायकांतल्या जवळपास सतरा टक्के. बायका वयानं मोठ्या असतात म्हणून असेल, असं कोणीही म्हणेल. पण खरा धक्का पुढे होता. पन्नाशीच्या आतल्या बायकांचं मरण्याचं प्रमाण त्याच वयाच्या पुरुषांच्या दुपटीहून जास्त होतं, आणि वय वाढत गेलं तसा हा फरक कमी होत पंच्याहत्तरीच्या आसपास संपला. म्हणजे सगळ्यात जास्त धोका जिच्याबद्दल कोणाला शंकाच येत नाही तिला, तरण्या बाईला. तरुण बायकांत, विशेषतः बाळंतपणाच्या आगेमागे, नळीची आतली भिंत आपोआप चिरून अटॅक येण्याचा एक प्रकारही असतो. तो क्वचित दिसतो, पण असतो. ओली बाळंतीण छातीत दुखतंय म्हणाली तर "दूध साठलं असेल" म्हणून सोडून देऊ नका.

ही अमेरिकेची गोष्ट झाली. आपल्या देशातलं चित्र थोडं वेगळं आहे आणि ते आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. केरळात २००७ ते २००९ या काळात सव्वाशे इस्पितळांतून पंचवीस हजारांवर हृदयरुग्णांची नोंद ठेवली गेली. त्यात इस्पितळात आलेल्या बायकांना उपचार जवळपास पुरुषांइतकेच मिळाले, आणि वय व बाकीचे आजार जमेस धरल्यावर मरणाच्या प्रमाणातही खास फरक उरला नाही. ऐकायला बरं वाटतं. पण त्या नोंदीत बायका किती होत्या? चौथा हिस्साही नाही. आता, बायकांना हा आजार कमी आणि उशिरा होतो हे खरं, त्यामुळे आकडा थोडा कमी येणारच. तरी आम्हाला प्रश्न पडतो तो न आलेल्यांचा. घरीच "वाऱ्यानं गेली", "झोपेत गेली, पुण्यवान" म्हणून ज्यांना पोचवलं, त्या कुठल्याच रजिस्टरात नाहीत. आपल्याच वाड्यावरच्या अशा किती आठवतात, बघा. आम्हाला बसल्या बसल्या तीन आठवल्या.

क्रिएट नावाच्या दुसऱ्या भारतीय नोंदीत २० हजारांवर रुग्ण होते. मोठा अटॅक आलेला माणूस दुखणं सुरू झाल्यापासून इस्पितळात पोचायला साधारण सहा तास घेत होता, आणि पोचल्यावर इंजेक्शन मिळायला फक्त पन्नास मिनिटं. इस्पितळांच्या नावानं आपण बोटं मोडतो, पण मोठा वेळ गेला तो घरात आणि वाटेत. त्याच नोंदीत गरीब रुग्ण श्रीमंतांपेक्षा जास्त दगावले, महिन्याभरात शंभरी आठाच्या वर, श्रीमंतांतले साडेपाच. पण उपचारांतला फरक हिशेबात घेतल्यावर ही तफावत नाहीशी झाली. म्हणजे गरिबाचं हृदय काही कमकुवत नसतं, त्याला औषध कमी मिळतं एवढंच. बाईच्या हृदयाबद्दलही आमचं मत हेच होत चाललंय.

आता म्हाताऱ्यांकडे येऊ. पंच्याहत्तरीपुढच्या माणसाला अटॅकमध्ये छातीत अजिबात न दुखणं ही नेहमीची गोष्ट आहे. दम लागतो, चक्कर येते, एकदम गळून जातो, कधी असंबद्ध बोलायला लागतो. घरचे म्हणतात वय झालं. या वयात धोका जास्त असतो हे खरंच. गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनानं मेंदूत रक्तस्राव होण्याची भीतीही वयाबरोबर वाढते, म्हणून ७५ च्या वरच्यांना त्यातलं एक औषध निम्म्या मात्रेत देण्याची पद्धत आली, किंवा डॉक्टर थेट अँजिओप्लास्टी बघतात. ते त्यांचं काम, त्यांना ठरवू द्या. पण ज्याला धोका जास्त त्याला वेळेवर दिलेल्या उपचाराचा फायदाही मोठा, हे लक्षात असू द्या. "आता या वयात कशाला हाल" हे वाक्य आपण ईसीजी काढायच्या आधीच बोलतो. ज्या तांडेलानं चाळीस वर्षं घर चालवलं त्याच्याबाबतीत हा निर्णय मुलांनी पडवीत बसून घेणं आम्हाला पटत नाही. आणि आजीच्या बाबतीत तर तो घेतलाय हेसुद्धा कोणाच्या लक्षात येत नाही.

आपल्या गोव्यात याबाबतीत एक चांगली सोय आहे आणि ती पुरेशी वापरली जात नाही. डिसेंबर २०१८ पासून सरकारची स्टेमी-गोवा योजना चालू आहे. पूर्वी पेडण्याचा किंवा डिचोलीचा रुग्ण खरा उपचार मिळायला बांबोळीला पोचावा लागे. चाळीसेक किलोमीटर, आणि पर्वरीच्या रस्त्याचा भरवसा कोणी द्यावा. आता गोमेकॉ हे केंद्र धरून जिल्हा इस्पितळं आणि गावाकडची आरोग्य केंद्रं त्याला जोडली आहेत. तिथं ईसीजी काढला की तो मशीनमधून लगेच दूर बसलेल्या तज्ज्ञांकडे जातो, काही मिनिटांत उत्तर येतं, आणि मोठा अटॅक असेल तर गाठ विरघळवणारं महागडं इंजेक्शन तिथंच, फुकट, देतात. मग रुग्णवाहिकेतून गोमेकॉ, पुढची अँजिओग्राफी तिथं. आपल्या खलाशाचं हेच झालं. ही योजना बाई की बाप्या, तरणा की म्हातारा बघत नाही. फक्त तिच्या दारापर्यंत माणूस पोचायला हवा.

म्हणून घरात हे ठरवून ठेवा. बेंबीच्या वर आणि जबड्याच्या खाली कुठंही दाबल्यासारखं, जळजळल्यासारखं वाटून ते दहा-पंधरा मिनिटांत गेलं नाही, किंवा काही कारण नसताना दम आणि थंड घाम आला, की १०८. सीमेपलीकडे आरोंदा, शिरोड्याच्या आपल्या माणसांनाही नंबर हाच. स्वतः स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका. वाटेत हृदय बंद पडलं तर स्कूटरवर काही करता येत नाही, रुग्णवाहिकेत येतं. कोणत्या केंद्रात न्यायचं ते १०८ वाल्यांना कळतं, खासगी दवाखान्यांच्या चकरा वाचतात.

फोन केल्यावर, अ‍ॅलर्जी, पोटातला रक्तस्राव किंवा लकव्याची शंका नसेल तर, १०८ वाल्यांना विचारून ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्या. गिळायची नाही, चावायची. १९८८ साली १७ हजारांवर रुग्णांत सिद्ध झालंय की नुसत्या अ‍ॅस्पिरिननं मरणारे जवळपास चौथ्या हिश्श्यानं कमी झाले. दोन रुपयांची गोळी. जिभेखालची सॉर्बिट्रेट मात्र शेजाऱ्याची आणून देऊ नका, रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो. आणि जोरजोरात खोकला की अटॅक थांबतो हा जो मेसेज आपल्याच ग्रुपवर दर चार महिन्यांनी फिरतो, तो खोटा आहे. कृपया परत पाठवू नये.

केंद्रात गेल्यावर स्पष्ट बोला. "आईला बरं नाही" असं सांगू नका. "हार्ट अटॅकची शंका आहे, साखर आहे, सात वाजल्यापासून त्रास आहे, ईसीजी काढा" असं सांगा. वेळ सांगणं फार महत्त्वाचं. पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि त्रास चालूच असेल तर परत काढायला आणि रक्ताची ट्रोपोनिन तपासणी करायला विनंती करा. यात उद्धटपणा काही नाही.

माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबत राहायचं, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, छाती पाचेक सेंटिमीटर खाली जाईल इतकं, रुग्णवाहिका येईपर्यंत. अमेरिकेतल्या एका पाहणीत रस्त्यावर कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना अशी मदत मिळाली, बायकांपैकी ३९ टक्क्यांनाच. परक्या बाईच्या छातीला हात कसा लावायचा, हा संकोच तिथंही. बाजारात शेजारची पाटीवाली कोसळली तर बायकांनी पुढे व्हावं. बाई नसेल तर पुरुषानं व्हावं. नंतर कोणी काही बोललं तर सोसायटी तुमच्या मागे आहे.

दर्यात त्रास झाला तर जाळं ओढायची वाट बघू नका. व्हीएचएफ चॅनल १६ किंवा तटरक्षक दलाचा १५५४, आणि किनाऱ्यावरच्या माणसाला फोन करून १०८ धक्क्यावर उभी करून ठेवायला सांगा. आपल्या होड्यांवर साठीपुढचे तांडेल आहेत, त्यांच्याकडे जास्त लक्ष असू द्या. जाळं परत मिळतं, किंवा नाही मिळत. चालेल.

पैशांचं सांगायचं तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त माणसं असतील तर चार लाखांपर्यंत सोय आहे. कार्डाची मुदत आजच बघा. पण रात्री दोन वाजता कपाटात कार्ड शोधत थांबू नका, कार्ड मागाहून नेता येतं.

आता एक आमचंच. गेल्या वर्षी सोसायटीनं हृदयतपासणी शिबिर घेतलं होतं. फोटो या पेजवर आहेत, खाली जाऊन बघा. ६३ जणांचे ईसीजी निघाले आणि त्यात बाई एकही नाही. आम्ही यादी सभासदांच्या रजिस्टरवरून केली, रजिस्टरात होडीमालक आणि खलाशी. वेळ ठेवली सकाळी नऊची, जेव्हा आपल्या बायका पाट्या घेऊन म्हापसा, डिचोली, साखळीला गेलेल्या असतात. शिबिराचं जेवण मात्र त्यांनीच संध्याकाळी येऊन वाढलं. त्या वाढणाऱ्यांत वरची ती बाईही होती. तेव्हा तिचा एक ईसीजी काढला असता आणि साखर बघितली असती तर काय झालं असतं, हे आता सांगता येत नाही. पण काढला नाही, हे आम्हाला सांगता येतं.

या वर्षी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपायच्या आत शिबिर घ्यायचं कमिटीनं ठरवलंय. वेळ दुपारी तीननंतर. पहिले दोन तास फक्त बायका आणि ६५ च्या वरची माणसं, मग बाकीचे. सभासद कोण याची अट नाही. सून, सासू, पाटीवाली, जाळी विणणारी, सगळ्या चालतील. नावं बर्फाच्या काउंटरवर द्यावीत. साखरेची किंवा प्रेशरची गोळी चालू असेल तर तिची पट्टी सोबत आणावी. तारीख नक्की झाली की इथंच टाकतो. आणि जेवण या वेळी पुरुषांनी वाढायचं आहे, त्याचीही नावं तिथंच द्यावीत. आतापर्यंत दोनच आली आहेत.